घरात आलेली यंत्रे आणि मधुमेही माणूस



कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते, सातारा जिल्हा ओलांडून सांगलीस येते आणि तिच्या दोन्ही तीरांवर ऊस उभा असतो. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कागदोपत्री दोन जिल्हे झाले, तरी सोयरीक, बाजारपेठ आणि ताटातील पदार्थ पुष्कळसे सारखेच राहिले. साताऱ्याचा कंदी पेढा, सांगलीचे भडंग, तासगावचा बेदाणा आणि गुऱ्हाळावरचा ताजा गूळ यांवाचून आपल्याकडे पाहुणचार पुरा होत नाही. अशा साखरेच्या मुलखात मधुमेहाविषयी बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांना पथ्याची यादी ऐकावी लागणार असे वाटते. आज तशी यादी द्यावयाची नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत रक्तशर्करा, रक्तदाब, वजन मोजणारी लहान-मोठी यंत्रे आली आहेत. त्यांच्या संगतीने मधुमेही श्रावक-श्राविकांनी आपले व्रत, आपला आहार आणि आपले आयुष्य कसे सांभाळावे, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरी भागात हे प्रमाण शंभरात सोळांहून अधिक, तर ग्रामीण भागात जवळजवळ नऊ आहे. त्याच पाहणीत शंभरातील पस्तीसहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे हा विकार एकटा येत नाही. रक्तदाब, मूत्रपिंड, डोळे, पाय आणि हृदय यांना तो बरोबर घेऊन चालतो.

हा विकार आपल्याला नवा नाही. सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले आणि पहिल्यातील रोगी कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो, असे निरीक्षण नोंदवून ठेवले. तथापि आपल्याकडील मधुमेहाची एक गाठ अलीकडेच उकलली आणि ती उकलली पुण्यात. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे साडेतीन किलो होते. आपली बालके किरकोळ दिसत होती, पण त्यांच्या शरीरात स्नायू कमी असून चरबी मात्र टिकून होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. यंत्राने चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघे सारखेच होते. 'आमचा मुलगा तर काडीसारखा, त्याला कसली साखर?' हे वाक्य आपल्याकडे अजूनही ऐकू येते. त्याचे उत्तर त्या छायाचित्रात आहे. वजनकाटा खोटे बोलत नाही, परंतु त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा असतो. यंत्र आणून ठेवले म्हणजे काम झाले असे मानणाऱ्या प्रत्येक घरात हाच प्रकार घडतो. आकडा यंत्र देते. त्यास कोणता प्रश्न विचारावयाचा आणि उत्तर आल्यावर काय करावयाचे, हे घरानेच ठरवावे लागते.

आजच्या तरुणांस कदाचित ठाऊक नसेल, पण दोन पिढ्यांपूर्वी घरी तपासणी म्हणजे बेनेडिक्टचे निळे द्रावण असे. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर आनंद. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा तो बदलत गेला तर घरात शांतता पसरे. ही पद्धत कित्येक वर्षे उपयोगी पडली. परंतु रक्तातील साखर साधारण १८० च्या पलीकडे गेल्याखेरीज ती लघवीत उतरतच नाही. साखर फार खाली गेली तर या नळीला त्याचा पत्ताही लागत नसे. १९६५ च्या सुमारास रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी आली, १९७० मध्ये त्या पट्टीचा रंग वाचणारे यंत्र आले आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस ते रुग्णाच्या स्वतःच्या हाती पोहोचू लागले. हाच आजचा ग्लुकोमीटर.

या यंत्राविषयी दोन टोकांची मते आढळतात. काहींचा त्यावर मुळीच विश्वास नसतो. काही मंडळी प्रयोगशाळेतील आकड्याशी दहाचा फरक पडला तरी अस्वस्थ होतात. घरगुती यंत्रासाठी जी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, तीत शंभराच्या वरील आकड्यांस पंधरा टक्के इकडे-तिकडे चालते. म्हणजे यंत्रावर २०० दिसले तर खरा आकडा १७० ते २३० यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. म्हणून एका आकड्यावर रागावू नये आणि एका आकड्याने हुरळूनही जाऊ नये. उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, झोपण्यापूर्वी अशा ठरावीक वेळांच्या आठ-दहा दिवसांच्या नोंदी वहीत मांडल्या तर वैद्यांना त्यांतून खूप काही दिसते. वहीत नुसता आकडा लिहू नये. त्या दिवशी काय खाल्ले, किती चालणे झाले, औषध कधी घेतले हेही शेजारी असावे. आपल्यातील व्यापारी बंधूंना रोजकीर्द लिहिण्याची सवय आहेच. ही त्यातलीच एक खतावणी समजावी.

काही चुका मात्र आपल्या हाताच्या असतात, अगदी शब्दशः. द्राक्षे निवडून, गूळ फोडून किंवा आंबा चिरून आल्यावर हात न धुता बोट टोचले तर पट्टीवर रक्ताबरोबर तो गोडवाही जातो आणि यंत्र भलताच मोठा आकडा दाखवते. साबणपाण्याने हात धुऊन कोरडे करावेत, एवढाच त्यावर उपाय. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडील घरांत भिंतींनाही ओल येते, तेथे हे विशेष सांभाळावे. रक्तक्षय असलेल्या भगिनींत बोटावरची साखर प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकते. शिवाय शरीरात लोह कमी असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी आपण करतो, तीही चढी येऊ शकते. तेव्हा साखरेबरोबर हिमोग्लोबिन किती, हे विचारण्यास संकोच करू नये.

आता दंडावर चिकटवावयाचे सेन्सर आले आहेत. चवदा दिवस चालणारे सेन्सर विशेष प्रचारात आहेत. त्वचेखाली केसासारखा बारीक तंतू राहतो आणि दर काही मिनिटांनी आकडा भ्रमणध्वनीवर उमटतो. हे साधन चांगले आहे, महागही आहे. ते रक्तातील साखर मोजत नाही, पेशींभोवतालच्या द्रवातील मोजते. म्हणून जेवणानंतर साखर झरझर चढत किंवा उतरत असता ते पाच-दहा मिनिटे मागे असते. त्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे मध्यरात्री साखर खाली गेल्याचा खोटा इशारा मिळतो आणि सारे घर जागे होते. 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोठ्या मात्रेत घेतल्यास काही सेन्सरांचे आकडे चढे दिसतात. बोलावणे आले आणि अंगाची लक्षणे काही वेगळेच सांगत असली, तर बोट टोचून खात्री करावी.

सामान्य कुटुंबाने हा सेन्सर कायम लावलाच पाहिजे असे नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांस आणि विशेषतः लहान मुलांस त्याचा लाभ मोठा. इतरांनी वैद्यांच्या सल्ल्याने एकदा चवदा दिवस लावला तरी स्वतःच्या ताटाची ओळख होते. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी यांचे वळण मंद चढते, तर वाटीभर भडंग त्यास झटकन वर नेते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर दुसऱ्याने सांगावे लागत नाही. आपल्यापैकी अनेक घरांत बटाटा-रताळी कंदमुळे म्हणून वर्ज्य आहेत. त्याने साखर आपोआप आटोक्यात राहते, ही समजूतही त्या आलेखाने दूर होते. फरसाण, चुरमुरे, मैद्याचे पदार्थ आणि प्रभावनेत मिळालेली मिठाई यांत कंदमूळ नसले तरी साखर व्हायची ती होतेच.

आता ज्या प्रश्नावर आपल्या समाजात फार कुजबूज झाली आणि उघड बोलणे थोडे झाले, त्याकडे वळू. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चवदा वर्षांच्या मुलास ते प्रथम दिले गेले आणि मरणाच्या दारातील मुले परत येऊ लागली. परंतु हे इन्सुलिन गाई-बैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढले जाई. पुढची साठ वर्षे जगात दुसरा मार्गच नव्हता. अहिंसा हा ज्यांचा प्राण, त्या कुटुंबांत यामुळे काय उलघाल झाली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. कोणी मुकाट्याने घेतले व प्रायश्चित्त मानले, कोणी नाकारले. आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहात नाकारणे म्हणजे काही आठवड्यांचा प्रश्न असतो. १९७८ मध्ये प्रयोगशाळेतील जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्याची युक्ती साधली, १९८२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. २००३ मध्ये वोखार्ट या कंपनीने आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत तयार झालेले असे इन्सुलिन बाजारात आणले. आज दुकानातून मिळणारे इन्सुलिन प्रायः जिवाणू वा यीस्ट यांच्या साहाय्याने केलेले असते. तरीही 'इन्सुलिन म्हणजे प्राण्याचे' ही जुनी भीती काही वडीलधाऱ्यांच्या मनात घर करून आहे. इंजेक्शन लांबवण्यामागे पुष्कळदा सुईची भीती नसते, ही असते. घरच्यांनी औषधाचे वेष्टन दाखवून, दुकानदारास वा वैद्यास विचारून ती दूर करावी. चेष्टा करू नये.

इन्सुलिनच्या बाबतीत एक व्यावहारिक धोका अधिक ठासून सांगणे जरूर आहे. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा प्रति मिलिलिटर ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. पेनातील इन्सुलिन प्रति मिलिलिटर १०० युनिटचे असते. पेन बिघडले म्हणून त्याच्या नळीतील औषध लाल टोपणाच्या सिरिंजने ओढून 'दहा' या खुणेपर्यंत घेतले, तर शरीरात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडण्यास तेवढे पुरते. पेन आणि सिरिंज यांची अदलाबदल कधीही करू नये.

पर्युषण आणि दशलक्षण पर्वांत हा विषय आणखी नाजूक होतो. चौविहार करणाऱ्या माणसाच्या सायंकाळच्या जेवणापासून सकाळच्या नवकारशीपर्यंत बारा-तेरा तास सहज जातात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची ही रीत मधुमेह्यास एरवी अनुकूलच आहे, मात्र औषधे त्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावी लागतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही पोटात अन्न नसले तरी साखर उतरवत राहतात. पहाटे दोन-तीनच्या सुमारास घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे दिसले की ती साखर सत्तरच्या खाली गेल्याची खूण समजावी. तेव्हा पंधरा ग्रॅम ग्लुकोज अथवा तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. तसेच रुग्णालय गाठावे. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते त्या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. निर्जल उपवासात त्या चालू ठेवल्यास शरीर कोरडे पडते आणि रक्तात घातक आम्ल साठू शकते. याउलट पहिल्या प्रकारच्या रुग्णाने जेवण नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे हेही तितकेच प्राणघातक आहे. म्हणून उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी, निदान दोन आठवडे आधी, वैद्यांशी बोलणे झालेले असावे.

नेमके हे बोलणे टळते. वैद्य 'उपवास नको' म्हणतील या भयाने त्यांना सांगितले जात नाही आणि गुरुमहाराज काय म्हणतील या संकोचाने त्यांना आजार सांगितला जात नाही. खरे तर आपल्या परंपरेने दुर्बळ देहाचा विचार केव्हाच करून ठेवला आहे. षोडशकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे. आपल्या शक्तीप्रमाणे तप, असा त्याचा सरळ अर्थ. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या पाठात 'सव्वसमाहिवत्तियागारेणं' हा आगार आहे. तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्यास त्यात वाव ठेवलेला आहे. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशन हा एक आहे, पाच आणखी आहेत. अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणे, वृत्तिपरिसंख्यान म्हणजे पदार्थांची मर्यादा, आणि रसपरित्याग, ज्यात दूध, दही, तूप, तेल, मीठ यांबरोबर गूळ-साखरही येते. मधुमेह्याने दशलक्षणाचे दहा दिवस साखरेचा परित्याग केला तर त्यास कोण कमी लेखील? क्षमावणीच्या दिवशी पारण्याच्या पंगतीत त्यास आग्रहाने गोड वाढणारे मात्र पुष्कळ असतात. उपवासाच्या दिवशी बोट टोचून साखर पाहिल्याने पोटात काही जात नाही. तरी मनात शंका असेल तर ती गुरूंना आधीच विचारावी, पण शंकेपायी तपासणी टाळू नये.

पायांविषयी आता थोडे. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते आणि जाताना सांगून जात नाही. ती तपासण्याचे साधन अगदी साधे आहे: नायलॉनचा एक ताठ धागा. तळव्यावर दाबला असता तो दहा ग्रॅम भाराला वाकतो. तो टेकलेला कळला नाही तर संरक्षक संवेदना गेली असे समजतात. ही तपासणी एका मिनिटात होते आणि तरीही वर्षानुवर्षे होत नाही. आपल्याकडे मंदिरात पादत्राणे वर्ज्य आहेत आणि ती मर्यादा पाळावयाची आहे. पण चैत्र-वैशाखाच्या दुपारी फरशी तापते, कुंडलच्या झरी पार्श्वनाथ-गिरी पार्श्वनाथाच्या वाटेवर खडे असतात, कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्या उन्हात भाजतात. ज्याच्या पायाला चटका कळत नाही, तो दर्शन घेऊन आनंदाने घरी येतो आणि रात्री तळव्याला फोड दिसतो. आठवड्याने ती जखम, महिन्याने बोट. अशांनी दर्शन सकाळच्या गारव्यात घ्यावे, स्वच्छ पांढरे सुती मोजे चालतील काय हे व्यवस्थापकांना विचारावे, आणि घरी परतल्यावर आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहावेत. ज्यांना वाकता येत नाही त्यांचे तळवे नातवंडांनी पाहावेत. मंदिराच्या आवारात उन्हाळ्यापुरती सुतळीची लांब पट्टी अंथरणे हे विश्वस्तांच्या हाती असलेले काम आहे, त्यास खर्चही मोठा नाही.

रक्तदाबाच्या यंत्राविषयी थोडक्यात. मनगटापेक्षा दंडाचे बरे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, न बोलता मोजावे आणि दंडाच्या जाडीला योग्य असा पट्टा असावा. आरत्या संपताच जिना चढून येऊन घेतलेला आकडा वैद्यास दाखवू नये. डोळ्यांचे तसे नाही. तेथे घरगुती यंत्र नाही आणि दृष्टिपटलावरील बिघाड फार उशिरापर्यंत वेदना किंवा अंधुकपणा देत नाही. वर्षातून एकदा पटलाचे छायाचित्र काढवून घ्यावे. संगणकाकडून अशी छायाचित्रे वाचून घेण्याचे जे संशोधन २०१६ मध्ये गाजले, त्यात भारतीय रुग्णालयांतील छायाचित्रेही होती. मिरजेस १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उभारले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. तज्ज्ञांसाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही. स्वाध्यायासाठी चष्मा बदलून आणणारे पुष्कळ, पटल तपासून येणारे मोजके. लघवीतील प्रथिनाची तपासणीही त्याच खेपेस करून घ्यावी.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. शहराच्या सखल भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती, शीतकपाटे बंद होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी शीतकपाटाबाहेर राहिलेले इन्सुलिन निकामी झाले असे समजून फेकून देऊ नये. वापरात असलेली बाटली किंवा पेन एरवीही सामान्य तापमानात सुमारे चार आठवडे चालते. ओल्या वाळूत ठेवलेले मडके उन्हाळ्यात चांगला गारवा देते. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी, पण तेव्हा बाहेरची हवाच तितकी तापलेली नसते. इन्सुलिनला खरे भय दोनच गोष्टींचे, उन्हाचे आणि गोठण्याचे. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली बाटली नंतर कितीही स्वच्छ दिसली तरी वापरू नये. नदीकाठच्या घरांनी ज्येष्ठातच एका पाणबंद डब्यात महिनाभराची औषधे, यंत्र, जादा पट्ट्या, ग्लुकोजची पुडी आणि वैद्यांच्या चिठ्ठीची प्रत बांधून ठेवावी. घर सोडावे लागले तर हा डबा दागिन्यांच्या पेटीआधी उचलावा.

शेवटी सुयांविषयी. बोट टोचण्याची टोचणी, पेनाची सुई, सेन्सरबरोबर येणारी लावणी ही वापरून झाल्यावर कचऱ्याच्या पिशवीत पडतात आणि सकाळी ती पिशवी हाताने निवडणारी सफाई कामगार भगिनी असते. तिच्या बोटात घुसलेली सुई कोणाच्या घरातली हे कोणालाच कळत नाही. जाड प्लॅस्टिकची रिकामी बरणी घ्यावी, झाकण घट्ट लावता येईल अशी. वापरलेली प्रत्येक सुई तीत टाकावी, तीन-चतुर्थांश भरली की चिकटपट्टीने बंद करावी, वर ठळक अक्षरांत 'वापरलेल्या सुया' असे लिहावे आणि ती जवळच्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत, जेथे वैद्यकीय कचरा वेगळा नेला जातो, तेथे विचारून पोचती करावी.